दोन अँटबर्ड आणि एक गाणे: गैरसमज व वस्तुस्थिती

पेरूच्या आग्नेय कोपऱ्यात, ब्राझील आणि बोलिव्हियाच्या सरहद्दींना भिडलेला माद्रे दे दिओस नावाचा विभाग आहे. अ‍ॅमेझॉनच्या सखल जंगलाचा हा पट्टा. तिथल्या झुडपांच्या गर्दीत हिपोक्नेमिस या एकाच प्रजातीतले दोन छोटे पक्षी शेजारी शेजारी राहतात. इंग्रजी पक्षीसूचीत एकाला पेरुव्हियन वॉर्ब्लिंग अँटबर्ड आणि दुसऱ्याला यलो-ब्रेस्टेड वॉर्ब्लिंग अँटबर्ड म्हणतात. शास्त्रीय नावे अनुक्रमे हिपोक्नेमिस पेरुव्हियाना आणि हिपोक्नेमिस सबफ्लाव्हा. ही लांबलचक नावे दर वाक्यात ओढत नेण्यापेक्षा पुढे त्यांना ‘पांढऱ्या छातीचा’ आणि ‘पिवळ्या छातीचा’ असेच म्हटले आहे. दोघेही चिमणीपेक्षा लहान, लांबी साधारण 12 सेंटीमीटर. दोघांचे नर जे गाणे गातात ते इतके सारखे आहे की कसलेल्या कानालाही फरक सांगताना घाम फुटावा. या सारखेपणाभोवती बरेच समज साचले आहेत. त्यांतले काही साफ खोटे आहेत, काही अर्धे खरे. खोडायला जड जातात ते अर्धे खरे.

गैरसमज: अँटबर्ड मुंग्या खाऊन जगतात.

हा समज नुसत्या नावावर उभा नाही, त्याला डोळ्यांदेखतचा पुरावाही असल्यासारखे वाटते. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या जंगलात एसिटॉन बर्चेली या लष्करी मुंग्यांची झुंड काही मीटर रुंदीची आघाडी करून सरकते, तेव्हा तिच्या पुढे झुरळे, नाकतोडे आणि कोळी जीव घेऊन पळत सुटतात. काही अँटबर्ड झुंडीच्या तोंडाशी थांबून हे पळणारे जीव टिपतात. पाहणाऱ्याला मुंग्या दिसतात आणि त्यांच्याजवळ चोच मारणारा पक्षी दिसतो. निष्कर्ष चुकणे साहजिक आहे. पनामातील बारो कोलोराडो बेटावर एडविन विलिस यांनी 1960च्या दशकात या पक्ष्यांच्या मागे वर्षानुवर्षे फिरून नोंदी केल्या आणि मुंग्या हे त्यांचे अन्न नसून हाकारे आहेत, हे पक्के केले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की थामनोफिलिडी या कुलात दोनशेहून अधिक जाती आहेत आणि पोटासाठी पूर्णपणे मुंग्यांच्या झुंडींवर विसंबणाऱ्या जाती मोजक्या, दीड-दोन डझनांच्या आतबाहेर. आपले दोन्ही हिपोक्नेमिस त्यांत नाहीत. ते वेलींच्या जाळीत, पानांच्या मागेपुढे कीटक शोधत फिरतात आणि वर्षभर आपली हद्द राखून जोडीने राहतात. ही हद्द पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे.

गैरसमज: गाणे एकच, म्हणजे पक्षीही एकच.

पक्षीनिरीक्षकांच्या शिस्तीतूनच हा समज निघाला आहे. दिसायला सारखे पक्षी आवाजावरून वेगळे करायचे, हा नियम फार जुना आणि फार उपयोगी. अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट यांनी इंग्लंडमध्ये एकमेकांसारखे दिसणारे तीन वटवटे त्यांच्या गाण्यांवरून वेगळे काढले. आपल्याकडे हिवाळ्यात उतरणाऱ्या पर्णवटवट्यांपुढे हात टेकल्यावर आजही कानच कामी येतात. पण ‘आवाज वेगळा म्हणून जात वेगळी’ हे बऱ्याचदा खरे निघाले, म्हणून ‘आवाज सारखा म्हणून जात एक’ हेही खरेच असले पाहिजे, असे होत नाही. उलटा नियम आपोआप सिद्ध होत नसतो.

या समजाला अधिकृत पाठबळही होते. 2007पर्यंत हे दोघे आणि त्यांचे इतर भाऊबंद हिपोक्नेमिस कँटेटर या एकाच जातीत मोडत. त्या वर्षी मॉर्टन व फिलिस आइस्लर आणि ब्रेट व्हिटनी यांनी ‘द ऑक’ या नियतकालिकात या पसाऱ्याची फेरतपासणी मांडली आणि एका जातीच्या सहा जाती झाल्या. गंमत म्हणजे ही फोड प्रामुख्याने आवाजांच्याच आधारे झाली. येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. दूरवर पोचणारे, हद्द जाहीर करणारे ते गाणे. जवळच्या संपर्कासाठी किंवा धोक्याच्या इशाऱ्यासाठी काढलेली छोटी ती साद. पांढऱ्या आणि पिवळ्या छातीच्या पक्ष्यांची गाणी एकमेकांत मिसळून जातात, पण सादा ठळकपणे वेगळ्या आहेत. पिसांचेही तसेच. जोसेफ टोबायस आणि नॅथली सेडन यांनी 2009 साली ‘इव्होल्यूशन’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिसांचे रंग यंत्राने मोजले, कारण माणसाचा डोळा पक्ष्याइतके रंग पाहत नाही. रंगांतला फरक निःसंशय निघाला. मायटोकॉन्ड्रियल डीएनएमधला फरक 6.8 टक्के आहे. एवढा फरक साचायला तीस लाखांहून अधिक वर्षे लागली असावीत, असा अंदाज आहे. इतका काळ अलग वाटांनी चाललेल्या दोन वंशरेषांना केवळ एका गाण्यापायी एक म्हणता येत नाही.

गैरसमज: दोघे जवळचे नातलग आहेत, पूर्वजाचे गाणे दोघांकडे तसेच उरले आहे.

वरवर पाहता हे सर्वांत सरळ स्पष्टीकरण आहे, आणि बहुतेक सारख्या प्राण्यांबाबत तेच बरोबर ठरते. भावंडांचे नाक सारखे असेल तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पण हे दोघे एकाच प्रजातीतले असले तरी एकमेकांचे सर्वांत जवळचे नातलग नाहीत. नात्याने अधिक जवळ आहे ती हिपोक्नेमिस स्ट्रायाटा ही तिसरी जात, आणि ती ब्राझीलमध्ये, अ‍ॅमेझॉन नदीच्या दक्षिणेला, शेकडो किलोमीटर दूर राहते. सारखेपणा निव्वळ वारशाचा असता तर स्ट्रायाटाचे गाणे या जोडगोळीच्या गाण्याच्या निदान तितकेच जवळ असायला हवे होते. ते नाही, त्याची घडण स्पष्टपणे निराळी आहे. म्हणजे दूरचे दोन नातलग, एकाच जंगलात राहणारे, एका सुरात गातात आणि जवळचा नातलग, दूर राहणारा, वेगळे गातो. मग सारखेपणाचे कारण रक्ताच्या नात्यापेक्षा शेजारात शोधावे लागते. दोन्ही जाती एकत्र राहतात तेथे गाणी एकमेकांकडे सरकल्याच्या काही खुणाही 2009च्या अभ्यासात सापडल्या. ‘काही खुणा’ हे शब्द जाणूनबुजून वापरले आहेत. गाणी एकमेकांत मिसळतात हे ठाम आहे. ती नेमकी किती सरकली, याचा पुरावा त्या मानाने सौम्य आहे.

गैरसमज: शेजाऱ्याचे ऐकून ऐकून एकाने दुसऱ्याची नक्कल केली.

शेजार म्हटले की हे उत्तर लगेच सुचते. दयाळ, कोतवाल, भृंगराज यांच्या नकला ऐकत वाढलेल्या माणसाला तर ते पटायलाच हवे. कोतवालाचा शिक्रा ऐकून फसला नाही असा निरीक्षक विरळा. पण हे सारे पक्षी गायक पक्ष्यांच्या त्या मोठ्या फांदीवरचे आहेत, ज्यांची पिल्ले मोठ्यांचे ऐकून गाणे शिकतात. अँटबर्ड बसतात सबऑसाइन नावाच्या दुसऱ्या फांदीवर. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीत घुमणारा आपला नवरंग याच फांदीवरचा, हे अनेकांना ठाऊक नसते.

या गटातली गाणी बहुतांशी उपजत असतात, हे प्रयोगांनी दाखवले आहे. डोनाल्ड क्रूड्समा यांनी 1980च्या दशकात उत्तर अमेरिकेतील दोन माशीमारांची पिल्ले हाताने वाढवली. त्यांना शेजारच्या जातीचे गाणे ऐकवले तरी ती आपलेच गाणे गायली. पुढे 1991 साली त्यांनी आणि मासाकाझू कोनिशी यांनी ऐकूच न येणारा फीबी पक्षीही नेहमीसारखे गाणे गातो, असे दाखवले. अँटबर्डपुरता प्रश्न 2014 साली सुटला. पनामात स्पॉटेड अँटबर्डची पिल्ले लहानपणीच उचलून वेगळी वाढवली गेली आणि मोठेपणी त्यांचे गाणे रानातल्या पक्ष्यांसारखेच निघाले. सबऑसाइनांमध्ये घंटापक्षी हा अपवाद आहे, तो खरोखर शिकतो. पण अपवादाच्या आधारे अँटबर्डला विद्यार्थी ठरवता येत नाही. हिपोक्नेमिसचे गाणे एका पक्ष्याच्या आयुष्यात बदललेले नाही. ते बदलले असेल तर पिढ्यानपिढ्यांच्या निवडीतून.

गैरसमज: हे दोघे एकमेकांशी भांडतात ते निव्वळ ओळख चुकल्यामुळे.

या समजावर थोडे थांबायला हवे, कारण तो अडाणी नाही. त्यामागे जाणत्या माणसांचा युक्तिवाद आहे.

दोन जातींचे पक्षी एकमेकांना आपल्या हद्दीतून हुसकावतात, असे जगात अनेक ठिकाणी दिसते. 1969 साली मार्टिन कोडी यांनी असा तर्क मांडला की एकच अन्न आणि एकच जागा हवी असणाऱ्या दोन जातींना परस्परांचा इशारा समजणे फायद्याचे असते, म्हणून त्यांचे रंग वा आवाज एकमेकांसारखे होत जाऊ शकतात. दोनच वर्षांनी बर्ट्रम मरे यांनी उलट बाजू मांडली. त्यांच्या मते हा राग मुळात स्वजातीयांसाठीचा असतो, परका पक्षी पुरेसा सारखा असला की तो चुकून त्याच्यावर निघतो, आणि त्यातून दोघांचेही नुकसान होते. मरे यांचे म्हणणे वजनदार होते, कारण ते साधे होते. चूक मान्य करायला फारसा पुरावा लागत नाही. फायदा सिद्ध करावा लागतो. कोडींची कल्पना त्यामुळे कित्येक वर्षे वादातच राहिली.

माद्रे दे दिओसमधल्या प्रयोगांनी या वादात नेमकी माहिती आणली. पक्ष्यांच्या हद्दीत ध्वनिक्षेपक ठेवून तीन प्रकारची गाणी ऐकवली गेली: स्वजातीचे, शेजारच्या जातीचे आणि दूरच्या स्ट्रायाटाचे. स्वजातीच्या गाण्यावर पक्षी चालून येणार हे अपेक्षित होते. शेजारच्या जातीच्या गाण्यावरही ते जोरात चालून आले, नर आणि माद्या दोघेही. स्ट्रायाटाच्या गाण्याला मात्र थंडा प्रतिसाद मिळाला. नात्याने जवळचा, पण अंगणात कधी न येणारा पक्षी त्यांना तितका धोक्याचा वाटत नाही.

एवढ्यावर ओळख चुकल्याचा सिद्धान्त पडत नाही. गाणे सारखे म्हणून गोंधळ झाला, असे अजूनही म्हणता येते. तो डळमळतो पुढच्या प्रयोगाने. सेडन आणि टोबायस यांनी 2010 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवले की माद्या केवळ गाणे ऐकून स्वजातीचा नर आणि शेजारच्या जातीचा नर वेगळे ओळखतात. इतकेच काय, आपला जोडीदार आणि परका नर यांतलाही फरक त्यांना कळतो. आपल्या कानांना एकसुरी वाटणाऱ्या त्या गाण्यात प्रत्येक नराची बारीक खूण असते. ओळख पटवण्याची ताकद या पक्ष्यांच्या कानात आहे. त्याउपर सादा वेगळ्या आहेत, छातीचा रंग वेगळा आहे. हल्ल्यासाठी जवळ आलेल्या पक्ष्याला हे दिसत-ऐकू येत नसेल, असे मानणे कठीण आहे.

मग परक्या जातीशी भांडायचे कशाला? कारण नुकसान खरे असते. पिवळ्या छातीचा पक्षी या भागात ग्वादुआ बांबूच्या बेटांत अधिक रमतो. पांढऱ्या छातीचा जंगलातल्या मोकळ्या फटींत आणि वेलींच्या गुंत्यांत. पण बांबूचे बेट आणि जंगल यांच्यात भिंत नसते. कडेच्या पट्ट्यात दोघांना तेच कीटक, तीच झुडपे हवी असतात. बांधावरच्या भांडणात समोरचा कोणत्या गावचा हे दुय्यम असते. ‘इथून पुढे माझे’ हे त्याला कळेल अशा बोलीत सांगता आले म्हणजे झाले. ज्या नराचे गाणे दोन्ही जातींच्या शेजाऱ्यांना चटकन समजते, त्याला झटापटी कमी कराव्या लागतात, खायला वेळ जास्त मिळतो, पिल्ले जास्त जगतात. गाणे उपजत असल्यामुळे हा फायदा पुढच्या पिढीत उतरतो. संशोधक याला सामाजिक निवड म्हणतात. मरे यांचा सिद्धान्त इतर पक्ष्यांबाबत कोठे खरा ठरेलही. या दोन जातींपुरता कोडी यांचा तर्क अधिक भक्कम आहे.

गैरसमज: इतके सारखे गाणे म्हणजे माद्यांची फसगत ठरलेली.

याचे उत्तर वर येऊन गेले आहे. माद्या फसत नाहीत. हा समज टिकतो तो एका जुन्या गृहीतकामुळे: जवळच्या जाती एकत्र आल्या की गोंधळ टाळण्यासाठी त्यांची गाणी दूर दूर जायलाच हवीत. गोंधळ टाळण्याचा दुसराही मार्ग आहे. इशारा तसाच ठेवून ऐकणाऱ्याचे कान तीक्ष्ण होऊ शकतात. येथे तसे झालेले दिसते.

गैरसमज: नर-मादीचे युगुलगान म्हणजे प्रेमाची कबुली.

नराच्या गाण्याला मादी आपले गाणे जोडते. ऐकायला ते सुरेल वाटते, आणि माणसाने त्यात संसार पाहिला तर त्याला दोष देता येत नाही. पण पांढऱ्या छातीच्या जातीवरचा 2009चा एक प्रयोग या चित्रातला गोडवा बराच कमी करतो. परकी जोडी आल्याचा आभास निर्माण केला, तेव्हा घरची जोडी नीट ताळमेळाने गायली: हद्दीचे संयुक्त संरक्षण. एकट्या परक्या मादीचा आवाज ऐकवला, तेव्हा मात्र घरची मादी आपल्याच नराच्या गाण्यावर आपले गाणे चढवू लागली, जणू त्याचा संदेश त्या पाहुणीपर्यंत धड पोचूच नये. नरही गप्प बसला नाही. ही गळचेपी चुकावी म्हणून त्याने आपल्या गाण्याची मांडणी बदलली. एकाच युगुलगानात सहकार्य आहे, पाळत आहे आणि कुरघोडीही. मादी गाते ती नराची साथीदारीण म्हणून, हा समजही येथेच गळून पडतो. ती स्वतःच्या हितासाठी गाते.

गैरसमज: एकत्र राहणाऱ्या सगळ्याच जवळच्या जातींची गाणी अशी सारखी होत जातात.

एक गैरसमज खोडताना दुसरा पेरला जाऊ नये. सेडन यांनीच 2005 साली शंभराहून अधिक अँटबर्ड जातींची गाणी तपासली होती, आणि त्यात एकत्र राहणाऱ्या जवळच्या जातींची गाणी वेगवेगळ्या प्रदेशांत राहणाऱ्यांपेक्षा अधिक भिन्न निघाली. हिपोक्नेमिसचे उदाहरण त्या कलाच्या विरुद्ध जाते. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. हद्दीसाठीची स्पर्धा तीव्र असेल आणि जोडीदार ओळखायला इतर खुणा पुरेशा असतील, तेथे गाणी जवळ येऊ शकतात. जोडीदाराची ओळख मुख्यतः गाण्यावरच टिकून असेल तेथे ती दूर जातात. एका जोडीवरून साऱ्या कुलाचा कायदा लिहिण्याची घाई करू नये.

गैरसमज: ध्वनिमुद्रण वाजवले तर त्या एका जातीचाच पक्षी अस्वस्थ होतो, बाकीच्यांना त्याचे काही नसते.

पक्षी समोर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणे पेरूतही चालते आणि सह्याद्रीत नवरंगासाठीही. वाजवणाऱ्याला वाटते, नुकसान झालेच तर एका पक्ष्याच्या पाच मिनिटांचे. माद्रे दे दिओसच्या प्रयोगांनी दाखवलेली वस्तुस्थिती निराळी आहे: एका हिपोक्नेमिसचे गाणे वाजवले की दोन जातींचे नर आणि दोन जातींच्या माद्या चारा सोडून हद्द राखायला धावतात. शिवाय आलेला पक्षी वाजवलेल्या जातीचाच असेल याची काही खात्री नसते, त्यामुळे नोंदही चुकते. या जंगलात जाणाऱ्याने आवाज वाजवू नये, आणि गाण्यावरून जातीचे नाव लिहू नये. साद ऐकावी, छातीचा रंग पाहावा. दोन्हींपैकी काहीच जमले नाही तर नोंदवहीत ‘हिपोक्नेमिस, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे.